तीन तास वीस मिनिटं

मंडळी, आज गोष्ट सांगण्याआधी एक वेळापत्रक दाखवते. शाळेचं, रोजचं.

मूलोद्योग – ३ तास २० मिनिटं
संगीत, चित्रकला आणि गणित – ४० मिनिटं
मातृभाषा – ४० मिनिटं
समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान – ३० मिनिटं
व्यायाम – १० मिनिटं
मधली सुट्टी – १० मिनिटं

बेरीज केलीत तर बरोबर साडेपाच तास भरतात. वर्षाला २८८ दिवस शाळा, म्हणजे महिन्याला २४ दिवस. हे वेळापत्रक आहे डिसेंबर १९३७ मधलं. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीच्या अहवालातलं. हेच झाकीर हुसेन पुढे १९६७ साली आपले राष्ट्रपती झाले. आणि ही समिती नेमली गेली ती वर्ध्यात. आमच्या भंडाऱ्याहून निघालं, नागपूर ओलांडलं, की आलंच वर्धा.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुसरी ओळ पुन्हा पुन्हा वाचली. संगीत आणि चित्रकलेच्या पंगतीत गणित! आमच्या वेळी गणिताला चित्रकलेच्या शेजारी बसवलं असतं तर गणिताच्या सरांना झोप लागली नसती. आमच्याकडे उलटंच होतं. चित्रकलेचा तास आला की गणिताचे सर दारात उभे राहायचे आणि चित्रकलेच्या बाई मुकाट्यानं खडू खाली ठेवून जायच्या. पोर्शन राहिलाय म्हणे. तुमच्यापैकी किती जणांच्या शाळेत हे घडलंय? मला वाटतं, सगळ्यांच्याच.

तर आजचा विषय हाच. शाळेत काय काय शिकवावं, आणि जे 'काय काय' असतं त्याचा मुलांच्या मनाशी काही संबंध आहे का? विषय अचानक डोक्यात आलेला नाही. घरातच एक निर्णय व्हायचाय आणि त्याबद्दल पुढे सांगतेच. पण आधी थोडं मागे जाऊ. मागे गेलं की कळतं, आपण ज्याला नवीन म्हणतो ते आपल्या पणजोबांनीही मागितलेलं असतं.

अगदी सुरुवात करायची तर १८८२ पासून करावी लागेल. त्या वर्षी इंग्रज सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला आणि महात्मा जोतीराव फुल्यांनी आयोगाला लेखी निवेदन दिलं. त्यातली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आपल्याला माहीत असते. पण त्याच निवेदनात खेड्यातल्या शाळेत काय शिकवावं याची यादीही आहे. मोडी आणि बाळबोध वाचणं-लिहिणं, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचं ज्ञान, आणि नीती व आरोग्याचे काही धडे. शिक्षक कसा असावा? शक्यतो शेतकरी वर्गातला, वेळ पडली तर नांगराचा रुमणा किंवा सुताराची वाकस हातात धरायला न लाजणारा.

म्हणजे बघा, १८८२ साली, जेव्हा बहुजनांच्या पोराला अक्षर मिळायची मारामार होती, तेव्हा जोतीराव 'फक्त अक्षर द्या' असं म्हणत नाहीत. शेती हवी, हिशेब हवा, भूगोल हवा, आरोग्यही हवं. गरिबाच्या मुलाला थोडक्यात भागवा, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

त्यानंतर पंचावन्न वर्षांनी वर्धा. ३१ जुलै १९३७ च्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी शिक्षणावर लिहिलं आणि देशभर चर्चा सुरू झाली. २२ आणि २३ ऑक्टोबरला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष स्वतः गांधीजी. तिथंच झाकीर हुसेन समिती नेमली गेली. तिच्यात विनोबा होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मश्रूवाला होते, जे. सी. कुमारप्पा होते, आर्यनायकम् आणि आशादेवी होत्या. समितीनं दोन महिन्यांच्या आत अहवाल दिला, आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसनं योजना स्वीकारली. हीच 'वर्धा योजना', हीच 'नयी तालीम'.

या योजनेचं नाव काढलं की लोकांना फक्त चरखा आठवतो. अहवाल वाचला तर मात्र वेगळंच चित्र दिसतं. सामान्य विज्ञानात झाडं आहेत, प्राणी आहेत, शरीरशास्त्र आहे, रसायन आहे. रात्री ताऱ्यांवरून दिशा आणि वेळ ओळखायला शिकवा असं आहे. शास्त्रज्ञांच्या आणि शोधकांच्या गोष्टी सांगा असंही आहे. संगीतात चांगली गाणी आणि हातानं ताल धरणं. आणि आणखी एक. चालू परीक्षापद्धती ही शिक्षणाला शाप ठरली आहे, असं समितीनं स्पष्ट लिहून ठेवलंय. १९३७ साली!

आमचा भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाड या प्रांतात होता. (गोंदियाही आमच्यातच होतं. १ मे १९९९ ला वेगळा जिल्हा झाला.) १९३७ मध्ये इथं काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं. डॉ. ना. भा. खरे पंतप्रधान, तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधानच म्हणत, आणि शिक्षणमंत्री पंडित रविशंकर शुक्ल. शुक्लजींची स्वतःची योजना होती, 'विद्यामंदिर'. कल्पना अशी की गावातल्या कुणीतरी शाळेला जमीन दान द्यायची आणि त्या जमिनीच्या उत्पन्नावर शाळा चालायची. या शाळांच्या शिक्षकांसाठी एप्रिल १९३८ मध्ये वर्ध्याला प्रशिक्षण विद्यालय सुरू झालं. पण नावावरूनच वाद पेटला. 'मंदिर' या शब्दाला मुस्लिम समाजातून विरोध झाला. नोव्हेंबर १९३९ मध्ये, युद्धाच्या प्रश्नावर, काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि योजनेचा जोर ओसरला.

पुढे स्वातंत्र्यानंतर 'बुनियादी शाळा' पुन्हा आल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. आपल्याकडे अजूनही कितीतरी जिल्हा परिषदांच्या शाळांच्या कमानीवर 'जीवन शिक्षण विद्यामंदिर' असं नाव दिसतं. ते या सगळ्या इतिहासाचं उरलेलं पान आहे. आत काय शिकवतात त्याचा नावाशी संबंध असतोच असं नाही.. असो.

माझे आबाजी, म्हणजे आईचे वडील, साकोली तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. १९४९ साली नोकरीला लागले, १९८२ ला निवृत्त झाले. त्यांच्या ट्रंकेत एक टकळी होती. आम्ही पोरी सुट्टीत गेलो की ती भोवऱ्यासारखी फिरवायचो आणि आबाजी ओरडायचे. ते सांगायचे, वर्गात पेळू वाटायचे, सूत काढायचे, लडी करायची, मोजायची. त्यातून गणित शिकवायचं. सूत जाड निघो की बारीक, गणित चांगलं निघायचं.

पण गावाचं काय म्हणणं होतं? आबाजी नक्कल करून दाखवायचे. "गुरुजी, पोट्ट्याले शाळेत सूत काढाले धाडलं का जी? थे त घरीबी करते!"

यावर आम्ही हसायचो. मोठी झाल्यावर कळलं की यात हसण्यासारखं काही नाही. भंडारा जिल्हा म्हणजे कोशट्यांचा, ढीवरांचा, कोहळ्यांचा, धानकऱ्यांचा जिल्हा. मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोसा विणला जातो. भंडारा शहर पितळेच्या भांड्यांचं. ज्याच्या घरी बाप मागावर पाठ मोडून घेतोय, त्यानं पोराला शाळेत घातलं ते मागापासून सुटावं म्हणून. आणि शाळेनं त्याच्या हातात पुन्हा सूत दिलं! १९५४ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती याच भंडाऱ्यातून. ते निवडून आले नाहीत, पण शिक्षण म्हणजे जातीनं दिलेल्या कामातून बाहेर पडायचं दार, ही गोष्ट इथल्या वस्त्यावस्त्यांत पोचलेली होती. त्या आईबापांना टकळीची शंका येणं अगदी रास्त होतं.

समितीलाही धोका दिसत होता बरं का. योजनेच्या आर्थिक बाजूवर जोर देताना सांस्कृतिक आणि शैक्षणिक बाजूचा बळी जाईल, ही भीती अहवालातच व्यक्त केलीये. झालंही बरंचसं तसंच. सूत किती निघालं ते मोजलं गेलं. ताऱ्यांवरून दिशा किती पोरांना ओळखता आली, ते कोण मोजणार?

मला यातून एक गोष्ट कळली. अभ्यासक्रम रुंद असणं म्हणजे गरिबाच्या मुलाला विद्या कमी आणि हातकाम जास्त देणं नव्हे. विणकराच्या मुलाला मागाबरोबर रसायन आणि संगीत मिळालं, आणि तहसीलदाराच्या मुलालाही माग चालवावा लागला, तरच त्याला रुंद म्हणायचं. एकाच्याच ताटात हातकाम वाढलं तर ती सुधारणा नव्हे, जुनीच वाटणी आहे.

मग हे सगळं सोडून द्यावं का? तर नाही. याचं उत्तर आबाजींच्याच एका गोष्टीत आहे.

त्यांच्या वर्गात ढीवराचा एक मुलगा होता. वाचायला उभा केला की घाम फुटायचा. रोज मार खायचा, आधीच्या गुरुजींचाही आणि घरीही. शाळा चुकवून तलावावर जाऊन बसायचा. आमच्याकडे मामा तलाव असतात हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले, जिल्ह्याला तळ्यांचा जिल्हा करून टाकणारे तलाव. आबाजींनी एक दिवस अख्खा वर्ग तलावाच्या पाळीवर नेला. पाणी सोडायचं दार, ज्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात, ते दाखवलं. पाणी किती धानाला पुरेल याचा हिशेब मांडला. आणि मग त्या मुलाला म्हणाले, "आता तू सांग." तो बोलत सुटला. कुठला मासा कुठल्या महिन्यात कुठे असतो, मरळ चिखलात कशी राहते, शिंगाडा कधी लावायचा, कधी काढायचा. वर्ग तोंड उघडं टाकून ऐकत होता. त्यातल्या कित्येकांनी त्याला तोवर फक्त 'ढ' म्हणून पाहिलेलं होतं.

तो पुढे मोठा अधिकारी झाला वगैरे काही नाही. आबाजी एवढंच सांगायचे की त्या दिवसानंतर तो शाळा चुकवायचा थांबला. वाचायलाही लागला, हळूहळू.

मला वाटतं सगळं मर्म इथं आहे. ज्या शाळेत एकच फूटपट्टी असते तिथं त्या पट्टीवर जो खुजा ठरतो तो सगळीकडेच खुजा ठरतो. वर्गात, घरात, आणि शेवटी स्वतःच्या नजरेत. पट्ट्या चार असल्या की बहुतेक मुलांना कुठेतरी उंच व्हायची जागा मिळते. ज्याला सकाळी गणितात शून्य मिळालं त्याला दुपारी मैदानावर कुणीतरी 'शाब्बास' म्हटलं, तर तो घरी वेगळ्या चेहऱ्यानं जातो. आणि जो गणितात पहिला येतो त्यालाही कधीतरी मातीच्या मडक्यापुढे हरता आलं पाहिजे. हरायची सवय लहानपणी, लहान गोष्टींत झालेली बरी.

आता पुढचा इतिहास भराभर सांगते. १९६४ ते ६६ चा कोठारी आयोग. त्याचे सदस्य-सचिव आपले कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. या आयोगानं 'कार्यानुभव' हा शब्द दिला. महाराष्ट्रात १०+२ चा नवा आकृतिबंध आला, १९७५ मध्ये दहावीची पहिली नवी परीक्षा झाली, आणि कार्यानुभव आमच्या वेळापत्रकात येऊन बसला. मी त्यात काय केलं ते सांगू? फाइलला कव्हर घातलं, कागदाची फुलं केली, एकदा खडू केले (ते फळ्यावर उमटले नाहीत), आणि वार्षिक तपासणीच्या आधी बाजारातून आणलेली तोरणं आमची म्हणून भिंतीवर लागली. श्रेणी सगळ्यांना 'अ'.

का झालं असं? कारण उघड आहे. ज्याचे गुण टक्क्यांत धरत नाहीत ते शिकवलं जात नाही. आणि गुण धरायला लागलं की त्याचाही क्लास सुरू होतो! २०१७ पासून दहावीला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे आणि लोककलांचे वाढीव गुण मिळू लागले. हेतू चांगलाच आहे. पण आता काही घरांत "इंटरमिजिएट देऊन टाक, गुण मिळतात" अशी भाषा ऐकू येते. चित्रासाठी चित्र काढणाऱ्याची पंचाईत तशीच राहिली.

१९८९ मध्ये लेखक आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मुलांच्या दप्तराच्या ओझ्यावर भाषण केलं. 'मालगुडी डेज'वाले नारायण. त्या चर्चेतून पुढे प्रा. यशपाल यांची समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. त्यात एक फार मोलाची गोष्ट आहे. दप्तराच्या वजनापेक्षा घातक ओझं आहे ते न समजण्याचं. समजत नाही, तरी पाठ करायचंय, याचं ओझं. दप्तर खांद्यावरून काढता येतं, हे काढता येत नाही.

मग २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा. कला, काम, आरोग्य, शांतता, या सगळ्यांना त्यात मानाची जागा आहे. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा. याचं कलम २९ कधी वाचलंयत का? अभ्यासक्रम ठरवताना मुलाचा सर्वांगीण विकास बघावा, आणि मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवावं, असं त्यात म्हटलंय. हा कायदा आहे हो, सुविचार नाही. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवेत, असंही त्याच्या परिशिष्टात आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात दप्तराविना दहा दिवस आले. २०२४ मध्ये महाराष्ट्रात 'आनंददायी शनिवार' आला.

या शनिवारावर काही जण हसतात. म्हणजे उरलेले पाच दिवस आनंद नाही का, म्हणून. मी हसणार नाही. एक तर एक. पण १८८२ पासूनची ही मिरवणूक बघितली की कळतं, आपल्याकडे सांगणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. हरवला तो तास. कागदावर दरवेळी आला आणि वर्गात दरवेळी दुसऱ्या कुणीतरी मागून नेला.

ज्यांनी तास हरवू दिला नाही, तेही आपल्याच मातीतले होते. साने गुरुजी १९२४ ते १९३० अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी रोज हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. कुठल्या अभ्यासक्रमात होतं ते? ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण ती गुरं राखायला जात. मग शाळाच कुरणात गेली! 'कुरणशाळा'. झाडं, दगड, पानं, गाणी हेच साहित्य. आणि सेवाग्रामला २००५ पासून नयी तालीमची 'आनंद निकेतन' शाळा पुन्हा सुरू झालीये. शेती, स्वयंपाक, शिवण हे तिथं अभ्यासाचाच भाग आहे.

आता घरातलं.

ताईचा मुलगा, माझा भाचा, आठवीत आहे. साकोलीकडेच शिकतो. अभ्यासात बरा. पण ढोलकी! दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते, दंडार होते, मग होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं. रात्रभर चालतात. गेल्या दोन वर्षांपासून हा पोरगा मंडईच्या दंडारीत ढोलकीला बसतो. चौदा वर्षांचं पोर, पण मोठी माणसं त्याच्या ठेक्याची वाट बघतात. मी पाहिलंय ते.

पुढच्या वर्षी त्याला नागपूरला पाठवायचं घाटतंय. नववीपासून फाउंडेशन, मग नीट. त्या संस्थेचं वेळापत्रक ताईनं फोनवर पाठवलं. सकाळी सहा ते रात्री नऊ. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, मॅथ्स. रविवारी टेस्ट. मी शोधलं, मैदान कुठे आहे? नाही. मधली सुट्टी मात्र दहा मिनिटांपेक्षा जास्त आहे, तेवढं एक १९३७ च्या पुढे गेलेत.

भाऊजींशी बोलले. ते म्हणाले, "ढोलकीनं पोट भरते का गं? दोन एकर धानात का होते थे मले विचार."

मी गप्प बसले, कारण हा प्रश्न तोच आहे जो आबाजींना गावानं विचारला होता. आणि तो खरा आहे. पुण्यात बसून त्याला 'कला जप रे' म्हणणं मला सोपं आहे. धानाचा भाव मला भोगावा लागत नाही. डॉक्टर झाला तर घर वर येईल, हे भाऊजींचं स्वप्न खोटं नाही, आणि त्यांना खुळ्यात काढणाऱ्या लेखांचा मला रागच येतो.

तरीही ताई, भाऊजी, हे तुमच्यासाठी लिहितेय. एन.सी.ई.आर.टी.नं २०२२ मध्ये देशभरातल्या पावणेचार लाखांहून जास्त विद्यार्थ्यांना विचारलं. ८१ टक्के मुलांनी काळजीचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा, निकाल हेच सांगितलं. त्याच वर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांनुसार देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात महाराष्ट्रातले १,७६४. सगळ्या राज्यांत जास्त. मी असं म्हणत नाही की ढोलकी असती तर ही मुलं वाचली असती. प्रत्येक घराची गोष्ट वेगळी, कारणं गुंतलेली. एका तासानं सगळं सुटतं असं सांगणारा खोटं बोलतो. पण एवढं मात्र म्हणते की ज्या मुलाचं सगळं 'मी' एकाच परीक्षेत ठेवलंय, त्याच्याकडे ती परीक्षा बिघडली तर उभं राहायला दुसरी जागा उरत नाही. दुसरी जागा आधी बांधावी लागते. पाऊस आल्यावर तलावाची पाळ घालता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू!

आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी तासभर तरी घाम निघेल अशी हालचाल हवी. तासभर. हे तर डॉक्टर व्हायला निघालेल्या पोराला द्यायलाच हवं ना?

माझी सूचना साधी आहे. दहावीपर्यंत त्याला इथंच राहू द्या. विज्ञान-गणिताची शिकवणी इथंच लावा, खर्चाचं आपण बघू, मीही आहे. अकरावीला तो स्वतः ठरवण्याएवढा मोठा असेल. आणि यंदाच पाठवायचं पक्कं असेल, तर फी भरण्याआधी तिथं जाऊन तीन प्रश्न विचारा. खेळाचा तास कुठला? तो घेतं कोण? आणि टेस्टच्या आठवड्यातही तो होतो का? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा माणूस हसला, तर उत्तर मिळालं असं समजा. आणखी एक. ढोलकी त्याच्याबरोबर जाऊ द्या. हॉस्टेलवाले नको म्हणाले तर मला फोन करा. मी बोलते त्यांच्याशी.

असो. फारच लांबलं. शिक्षणाच्या इतिहासातून निघाले आणि घरच्या भांडणात येऊन पोचले. पण इतिहास शेवटी कुणाच्या तरी घरातच येऊन ठेपतो, नाही का?

तुमच्या शाळेतला कुठला तास कुणी मागून नेला होता? आणि जो वाचला, त्यानं तुम्हाला काय दिलं? सांगा जरूर. भाऊजींना वाचून दाखवायचंय.